थर्मोस्टॅट आणि कूलंट बदलताना क्रम का चुकवायचा नाही

कूलंट बदललं, थर्मोस्टॅट नवा टाकला आणि तिसऱ्याच दिवशी घाटात तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला. ही तक्रार इतक्यांदा कानावर येते की समोरच्याचं बोलणं संपायच्या आत मी एकच विचारतो, ‘हवा काढली होती का?’ उत्तर ठरलेलं असतं: ‘रेडिएटर काठोकाठ भरला होता की!’ काठोकाठ भरणं वेगळं आणि हवा काढणं वेगळं. भरलेल्या रेडिएटरमागे इंजिनच्या हेडमध्ये, म्हणजे ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागात, हवेचा मोठा बुडबुडा अडकून बसू शकतो आणि तो वरून दिसत नाही.

हे काम अवघड नाही. साध्या चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीचं काम एका सकाळीत घरी होतं. पण त्यातल्या पायऱ्या एकमेकींवर उभ्या आहेत. एक सुटली की पुढच्या सगळ्या फुकट जातात. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

आधी हे डोक्यात पक्कं करा

इंजिनच्या ब्लॉकमध्ये आणि हेडमध्ये पोकळ्या असतात. वॉटर पंप त्यांतून कूलंट फिरवत असतो. या कूलंटला दोन वाटा आहेत. धाकटी वाट इंजिनमधून निघते आणि बायपासमधून (रेडिएटर टाळून जाणाऱ्या मार्गातून) व केबिनच्या हीटरमधून पुन्हा पंपाकडे येते. थोरली वाट रेडिएटरमधून जाते. इंजिन गार असतं तोवर थर्मोस्टॅट थोरली वाट बंद ठेवतो, त्यामुळे मोजकंच कूलंट फिरतं आणि इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं.

थर्मोस्टॅटच्या पोटात एक छोटी धातूची कुपी असते आणि तिच्यात मेण. ठरलेल्या तापमानाला हे मेण वितळतं, वितळताना फुगतं, दांड्याला ढकलतं आणि स्प्रिंगचा जोर मोडून झडप उघडते. कूलंट गार झालं की मेण आकसतं आणि स्प्रिंग झडप मिटवते. ही झडप फक्त उघडी किंवा बंद नसते. गाडी चालू असताना ती सतत थोडी उघडते, थोडी मिटते. ती कोणत्या तापमानाला उघडायला लागते तो आकडा तिच्या कडेवर कोरलेला असतो, बहुतेकदा ८२ किंवा ८८.

आता ‘आपल्याकडे उन्हाळा असतो, थर्मोस्टॅट काढून टाका’ या सल्ल्याबद्दल. माझ्या थोरल्या भावाच्या गाडीचा थर्मोस्टॅट एका गॅरेजमध्ये त्याला न विचारता काढला होता. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात सुट्टीची रांग लागली होती. पहिल्या गिअरमध्ये गाडी सरकत होती आणि काटा चढत होता. रेडिएटर साफ, पंखा चालू, कूलंट भरलेलं. दादाला काही कळेना. कारण असं होतं: बऱ्याच थर्मोस्टॅटना खालच्या बाजूला आणखी एक चकती असते आणि थोरली वाट उघडताना ती चकती बायपास बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर बायपास कायम उघडा राहतो आणि गरम कूलंटचा मोठा भाग रेडिएटरला न जाता इंजिनमध्येच घिरट्या घालतो. म्हणजे ज्या चढावर गारव्याची सर्वांत जास्त गरज, नेमका तिथेच तो कमी पडतो. आणि सपाट रस्त्यावर उलटं होतं. इंजिन गारच राहतं, कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो, मायलेज पडतं, ऑइलमध्ये पेट्रोल आणि ओल साचते. बीएस-६ डिझेल गाडीत तर डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीची, सफाईही नीट होत नाही. थर्मोस्टॅट खराब असेल तर बदला. काढून टाकू नका.

तिसरा भाग झाकण. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. तेवढा दाब होईपर्यंत झाकण कूलंट कोंडून ठेवतं. अर्धं पाणी आणि अर्धं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) असलेलं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. झाकणाच्या दाबाखाली ते १२५ च्या आसपास जातं. झाकणाची रबरी सील सुकली की हा सगळा फायदा गेला. दोन-चारशे रुपयांच्या झाकणामुळे हेड उतरवावं लागलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

तयारी

गाडी रात्रभर उभी राहिलेली हवी. ‘तासभर थांबलो’ चालणार नाही. सकाळी, हात लावला तर इंजिन गार लागेल अशा वेळी सुरुवात करा.

हे आधी जमवा:

- गाडीच्या मॅन्युअलमधला कूलंटचा प्रकार आणि एकूण क्षमता. लहान हॅचबॅकमध्ये ती साधारण चार ते पाच लिटर असते, पण तुमच्या गाडीचा नेमका आकडा लिहून ठेवा. पुढचं गणित त्यावर आहे.
- जुन्याच तापमानाचा नवा थर्मोस्टॅट आणि त्याची नवी रबर रिंग किंवा गॅस्केट. ८८ च्या जागी ८२ टाकून गाडी गार राहील हा गैरसमज आहे. थर्मोस्टॅट फक्त किमान तापमान ठरवतो. कमाल तापमान ठरतं रेडिएटर, पंखा आणि पंपाच्या ताकदीवर.
- दहा आणि बारा नंबरचे सॉकेट, स्प्रिंग क्लिपसाठी चांगली पक्कड, पसरट टब, मापाची बाटली, लांब नरसाळं.
- डिस्टिल्ड वॉटर, कमीत कमी दहा लिटर.
- शक्य असेल तर मोबाइलला जोडता येणारा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं छोटं यंत्र. बऱ्याच नव्या लहान गाड्यांत काटाच नसतो. गार असताना निळा दिवा आणि फार तापल्यावर लाल, एवढंच. मधलं काही कळत नाही. स्कॅनरवर खरं तापमान अंशांत दिसतं.

कूलंट घेताना रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं हे कंपनीने टाकलेले रंग आहेत. दोन लाल कूलंटची आतली रसायनं अगदी वेगळी असू शकतात, आणि दोन जाती मिसळल्या तर गंजरोधक शक्ती कमी होते, कधी कधी चिखलासारखा गाळही तयार होतो. मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रकार बाटलीवर शोधा. आणि बाटलीवर ‘रेडी टू यूज’ (आधीच पाणी मिसळलेलं) आहे की ‘कॉन्सन्ट्रेट’ (पाणी न मिसळलेलं), हे दोनदा वाचा.

सावधान: कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असतं. टब उघडा ठेवून चहा प्यायला जाऊ नका. सोसायटीतली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्याशानेही दगावतात. लहान मुलांच्या बाबतीत तर बोलायलाच नको. सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुवा.

टप्पा १: थर्मोस्टॅटच बिघडला आहे का?

पार्ट आणायच्या आधी हे करा. गार गाडी सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर, म्हणजे जाड रबरी नळीवर, हात ठेवा. पंखा आणि बेल्टपासून बाही, ओढणी, हात दूर. सुरुवातीची काही मिनिटं वरचा होज गार किंवा कोमट राहायला हवा. तापमान ८० च्या वर गेल्यावर तो थोड्याच वेळात चटका बसेल इतका गरम झाला पाहिजे. या बदलातून थर्मोस्टॅट कळतो:

सुरुवातीपासूनच होज हळूहळू तापत गेला, गाडी १५-२० मिनिटं चालवूनही तापमान ७० च्या आसपास रेंगाळलं, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे. स्कॅनरवर ‘पी०१२८’ हा कोड दिसला तरी संशय इथेच येतो.

तापमान १०५-११० च्या पुढे चाललंय आणि होज अजून कोमटच, तर तो बंद अडकला आहे. गाडी लगेच बंद करा.

काही गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या होजच्या बाजूला, इंजिनच्या तोंडाशी असतो. तिथे हीच तपासणी खालच्या होजवर करा. वरच्या होजवर केली तर चांगला थर्मोस्टॅटही खराब वाटेल.

आणखी एक तपासणी, आणि ही सर्वांत महत्त्वाची. गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटाभरातच होज दगडासारखा कडक झाला, कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत राहिले, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली किंवा सायलेन्सरमधून न थांबणारा गोडसर वासाचा पांढरा धूर आला, तर बहुधा हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडच्या मधलं सील) गेलं आहे. अशा गाडीत थर्मोस्टॅट बदलण्यात पैसे घालवू नका. टोइंग करून गॅरेजला न्या.

टप्पा २: जुनं कूलंट काढणं

बॅटरीची निगेटिव्ह वायर किंवा निदान पंख्याचा कनेक्टर काढा. काही गाड्यांत चावी बंद असतानाही पंखा अचानक फिरतो.

१. झाकणावर जाड फडकं टाकून पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, थांबा, फस्स आवाज येत नाही ना ऐका, मग पूर्ण काढा.

२. रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात प्लास्टिकचा नळ असतो. तो हाताने सोडा. जुन्या गाडीत हा नळ ठिसूळ झालेला असतो, पक्कड लावली की तुटतो. हाताने सुटत नसेल तर त्याला न छेडता खालचा होज काढा.

३. निघालेलं कूलंट मापाच्या बाटलीने मोजा आणि आकडा लिहा. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात.

मोजायचं कारण असं की रेडिएटर रिकामा झाला म्हणजे इंजिन रिकामं झालं असं नाही. ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये बरंच कूलंट राहतं. साडेचार लिटरच्या गाडीतून अडीच लिटर निघालं, तर दोन लिटर अजून आत आहे.

जुनं कूलंट गटारात, नाल्यात, झाडाच्या आळ्यात ओतू नका. कॅनमध्ये भरून, जिथे वापरलेलं ऑइल गोळा होतं अशा गॅरेजला द्या.

थांबा आणि पाहा: निघालेलं कूलंट तपकिरी असेल तर आत गंज आहे, बहुधा कोणीतरी नुसतं पाणी घालत होतं. त्यात तेलाचा तवंग दिसला तर पुढे जाऊ नका, आधी कारण शोधा.

टप्पा ३: थर्मोस्टॅट काढणं आणि तपासणं

होज जिथे इंजिनला मिळतो तिथे दोन किंवा तीन बोल्टने बसवलेलं थर्मोस्टॅटचं घर असतं, ते उघडा. होज चिकटला असेल तर तो ओढू नका. हलक्या हाताने गोल फिरवून सुटा करा, नाहीतर आतली प्लास्टिकची नळी तडकते. थर्मोस्टॅट काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. कोणती बाजू इंजिनकडे होती, बारीक छिद्राची किंवा हलणाऱ्या पिनची जागा कुठे होती, हे फोटोत दिसायला हवं.

आता स्वयंपाकघरातली चाचणी. जुना थर्मोस्टॅट आणि नवासुद्धा. नवे थर्मोस्टॅटही खराब निघतात आणि ते बसवून, कूलंट भरून झाल्यावर कळलं तर सगळं काम पुन्हा करावं लागतं. वापरातून बाद झालेलं पातेलं घ्या. पाण्यात थर्मोस्टॅट दोऱ्याने लोंबता सोडा, तळाला टेकू देऊ नका, कारण तळ पाण्यापेक्षा गरम असतो. शेजारी स्वयंपाकाचा थर्मामीटर. मंद आचेवर पाहत राहा. ७५ ला काही नाही, ८० ला काही नाही, आणि ८२ चा आकडा कोरलेल्या तुकड्याची झडप ८२-८४ च्या सुमारास केसाएवढी फट दाखवते. मग ती फट पाहता पाहता रुंदावते, पूर्ण उघडल्यावर साधारण ८ मिलिमीटर होते. गॅस बंद केल्यावर तितक्याच हळू मिटते. खराब तुकडा उशिरा उघडतो, तिरका उघडतो किंवा मिटताना अर्ध्यात थांबतो.

इथे एक चूक आपल्याकडे हमखास होते. ८८ चा थर्मोस्टॅट पूर्ण उघडायला साधारण १०० अंश लागतात. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, तिथे उघड्या पातेल्यातलं पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. महाबळेश्वरला ते ९५-९६ लाच उकळतं. म्हणजे तुमच्या पातेल्यात हा थर्मोस्टॅट पूर्ण उघडणारच नाही. त्याला नापास करू नका. तो वेळेवर उघडायला लागतो का आणि पूर्ण मिटतो का, एवढंच पाहा.

टप्पा ४: आतून धुणं

धुण्याचं काम थर्मोस्टॅट बाहेर असतानाच करायचं. तो बसवून धुतलं तर गार पाण्याला झडप बंद असते आणि पाणी फक्त रेडिएटर धुऊन निघतं, इंजिनचा गाळ तसाच राहतो. उलट क्रमाने केलेल्या या धुण्याचे पैसे लोक दर वर्षी भरतात.

घर थर्मोस्टॅटशिवाय तात्पुरतं बंद करा, होज लावा, पाणी भरा, काढलेली बॅटरीची वायर किंवा पंख्याचा कनेक्टर परत जोडा. हीटरची कळ पूर्ण गरमवर ठेवून इंजिन पाच मिनिटं आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, चालवा. बंद करून गार होऊ द्या, मग पाणी सोडून द्या. निघणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत हे करा. गंज जास्त असेल तर चार-पाच वेळा लागतं, कंटाळा करू नका.

सुरुवातीची धुणी नळाच्या पाण्याने चालतील. शेवटच्या दोन मात्र डिस्टिल्ड वॉटरनेच करा, कारण शेवटच्या धुण्याचं पाणी ब्लॉकमध्ये राहणार आहे. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसलेला तुम्ही पाहिला असेल. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो आणि त्या नळ्या गिझरच्या कॉइलपेक्षा खूपच अरुंद असतात.

हार्डवेअरच्या दुकानातलं ॲसिड, व्हिनेगर, भांड्याचा साबण आत घालू नका. ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि फेस निघता निघत नाही.

टप्पा ५: नवा थर्मोस्टॅट बसवणं

१. घराच्या दोन्ही कडा स्वच्छ करा. जुनं गॅस्केट चिकटलं असेल तर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. स्क्रू ड्रायव्हरचा एक ओरखडा पुढे वर्षभर थेंब थेंब गळतो.

२. मेणाची कुपी आणि मोठी स्प्रिंग इंजिनच्या बाजूला. उलटा बसवला तर मेणाला इंजिनची उष्णता वेळेवर लागत नाही.

३. छोटं छिद्र किंवा पिन वरच्या दिशेला, घड्याळातल्या बाराच्या जागी, मॅन्युअलमध्ये वेगळं सांगितलं नसेल तर. हवा वर जाते, तिला निसटायला वाट इथूनच आहे.

४. रबर रिंग असेल तर सिलिकॉन लावू नका. जास्तीचं सिलिकॉन आत सुटतं आणि रेडिएटरच्या नळीत अडकतं.

५. बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. दहा नंबर डोक्याच्या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटर पुरे. म्हणजे छोट्या पान्याने, मनगटाच्या जोराने. घर ॲल्युमिनियमचं किंवा प्लास्टिकचं असतं, हाताचा सगळा जोर लावला की घराचा बोल्टचा कान तुटतो.

होज फुगलेला, चिरलेला किंवा दाबल्यावर करकरणारा असेल तर आत्ताच बदला.

टप्पा ६: मिश्रणाचं गणित

वर लिहून ठेवलेले आकडे आता काढा. आपल्या उदाहरणात क्षमता साडेचार लिटर. शेवटच्या धुण्यानंतर अडीच लिटर निघालं, म्हणजे दोन लिटर डिस्टिल्ड वॉटर आत आहे. अर्धं-अर्धं मिश्रण हवं तर कॉन्सन्ट्रेट सव्वादोन लिटर लागेल आणि वर फक्त पाव लिटर पाणी.

अशा वेळी बहुतेक जण रेडी टू यूजची बाटली ओततात. अडीच लिटर रेडी टू यूजमध्ये मूळ कूलंट सव्वा लिटरच असतं. ते साडेचार लिटरमध्ये मिसळलं की प्रमाण होतं २८ टक्के. बाटलीवर ५० लिहिलेलं, गाडीत २८. गंजरोधकं तेवढीच पातळ झाली. म्हणून इंजिन धुतलं असेल तर कॉन्सन्ट्रेट घ्या. रेडी टू यूज वरून थोडं भर घालायला ठेवा.

‘आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, मग कूलंट हवंच कशाला?’ असंही विचारतात. कूलंटची आपल्याकडची खरी कामं दोन: गंज रोखणं आणि उकळबिंदू वाढवणं. लेह-लडाख किंवा स्पितीला गाडी नेणार असाल तर मात्र ५० टक्के हवंच. ते साधारण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. आणि जास्त घातलं म्हणजे जास्त चांगलं असंही नाही. निव्वळ ग्लायकॉल पाण्यापेक्षा बरीच कमी उष्णता वाहून नेतं.

टप्पा ७: हवा काढणं

अर्धा दिवस राखून ठेवायचा तो या टप्प्यासाठी. हेडमध्ये जिथे हवा अडकते तिथे धातूला कूलंट लागत नाही, तो भाग भट्टीसारखा तापतो आणि हेड वाकतं.

गाडीचं तोंड चढाच्या दिशेने वर करून उभी करा, रेडिएटरचं तोंड सर्वांत उंच येईल अशी. हॅन्डब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. हीटर पूर्ण गरमवर, एसी बंद.

ज्या गाड्यांत रेडिएटरवरच झाकण आहे त्यांच्यासाठी:

१. नरसाळ्याने बारीक धारेने ओता. अर्धा लिटर ओतलं की थांबा, वरचा होज हाताने दाबा-सोडा. घळघळ आवाज येतो आणि पातळी खाली जाते. असंच पुढे. घाईने ओतलं की हवा खाली कोंडली जाते.

२. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो ढिला ठेवून भरा. बुडबुडे थांबून नुसतं कूलंट येऊ लागलं की आवळा.

३. झाकण उघडंच ठेवून इंजिन सुरू करा आणि आयडलला राहू द्या. नरसाळं जागेवर, त्यात चार बोटं कूलंट. ॲक्सिलरेटर दाबू नका, कूलंट उसळून अंगावर येतं. चेहरा रेडिएटरच्या तोंडावर आणू नका.

४. बुडबुडे येत राहतील. दहा-पंधरा मिनिटांनी पातळी एकदम खाली जाते. हाच थर्मोस्टॅट उघडल्याचा क्षण. लगेच भर घाला.

५. पंखा एकदा सुरू होऊन बंद होऊ द्या, मग दुसऱ्यांदा. या काळात जाड हातमोजा घालून होज अधूनमधून दाबा.

६. हीटरच्या जाळीतून गरम हवा येते का पाहा. इंजिन आयडलला असताना हवा गार आणि थोडा वेग वाढवला की गरम येत असेल, तर आत अजून हवा आहे. डॅशबोर्डमागे पाणी खळखळल्याचा आवाज येत असेल तरी तेच. पुन्हा पायरी ४ पासून.

७. बुडबुडे थांबले की इंजिन बंद करा, पातळी काठाला आणा, झाकण शेवटच्या खाचेपर्यंत घट्ट लावा. रेडिएटरला जोडलेल्या बाजूच्या कूलंटच्या बाटलीत ‘फुल’ आणि ‘लो’च्या मध्ये भरा.

ज्या गाड्यांत रेडिएटरला झाकण नसतं, दाबाखालची टाकी असते, तिथे टाकी वरच्या खुणेपर्यंत भरून मॅन्युअलमध्ये दाखवलेले सगळे स्क्रू क्रमाने उघडा-मिटवा. काही मॉडेलना व्हॅक्यूमने भरण्याचं साधन लागतं. तुमची गाडी त्यातली असेल तर हा टप्पा गॅरेजमध्येच करून घ्या. बाकीचं सगळं घरी केलेलं असलं तरी यात कमीपणा नाही.

टप्पा ८: पहिले तीन दिवस

पहिली फेरी घराजवळची, दहा-पंधरा किलोमीटरची. स्कॅनरवर बहुतेक पेट्रोल गाड्यांत तापमान ८५ ते १०० मध्ये राहतं. परत आल्यावर टॉर्च घेऊन थर्मोस्टॅटचं घर, दोन्ही होज आणि रेडिएटरचा नळ बघा. खाली पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी ओलं दिसेल तर गळती तिथेच आहे.

दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर झाकण उघडून पातळी बघा. थोडी खाली गेली असेल, भर घाला. बाटलीवर मार्करने खूण करून तारीख लिहा. तिसऱ्या दिवशी पातळी खुणेवर असेल तर घाटात न्यायला हरकत नाही. रोज कमी होत असेल आणि बाहेर कुठेही ओल नसेल, तर कूलंट इंजिनच्या आत जातंय.

सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसला तर झाकणाची आत ओढणारी छोटी झडप अडकली आहे. इंजिन गार होताना बाटलीतलं कूलंट परत खेचलं जायला हवं, ते होत नाही. झाकण त्याच आकड्याचं नवं घ्या.

रस्त्यात काटा चढला तर

एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात, खिडक्या खाली. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. गाडी डावीकडे सुरक्षित जागी घ्या. वाफ दिसत नसेल तर इंजिन आयडलला ठेवून काटा उतरतो का दोन मिनिटं बघा. वाफ दिसली, कूलंट सांडताना दिसलं किंवा लाल दिवा पेटला तर ताबडतोब बंद करा.

बॉनेट उघडा, झाकणाला हात लावू नका. दाब सुटताच आतलं कूलंट क्षणात उकळून वर उसळतं आणि हात-तोंड भाजतं. किमान पाऊण तास थांबा. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. पाऊण तासाने होज दाबून पाहा. मऊ असेल तरच फडकं टाकून पहिल्या खाचेपर्यंत उघडा, आणि पाणी घालायचंच झालं तर इंजिन सुरू ठेवून, बारीक धारेने घाला.

कूलंट पूर्ण गेलेल्या गाडीत काटा अचानक खाली आलेला दिसू शकतो, कारण सेन्सरला आता कूलंट नाही, हवा लागत असते. चढत चाललेला काटा विनाकारण उतरला आणि हीटरमधून गार हवा येऊ लागली, तर त्याच जागी गाडी बंद करून टोइंगला फोन करा.